फाइलींचा सामाईक वापर, लिनक्स–विंडोज संगणकांतील

एकाच संगणक-जालाला जोडलेल्या, परंतु लिनक्स व विंडोज ह्या भिन्न परिचालन प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांनी परस्परांच्या फाइली वाचणे, त्यांत बदल करणे व नव्या फाइली साठविणे, ह्यास फाइलींचा सामाईक वापर असे म्हणतात. फाइलीला नाव कसे द्यावयाचे, ती कोणाच्या मालकीची समजावयाची आणि ती उघडण्याचा अधिकार कोणाला, ह्या तिन्ही बाबतींत दोन्ही प्रणालींचे संकेत वेगळे आहेत. म्हणून त्यांच्यातील व्यवहार दोघींनाही समजणाऱ्या ठरावीक संदेशभाषेतून चालतो. अशा संदेशभाषेस प्रोटोकॉल म्हणतात. येथे वापरला जाणारा प्रोटोकॉल ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’ म्हणजे एसएमबी ह्या नावाने ओळखला जातो. विंडोजमध्ये तो अंगभूत असतो. लिनक्सवर हे काम मुख्यत्वे ‘सांबा’ हा मुक्त आज्ञावली-संच करतो.

घरगुती जालात ही देवाणघेवाण अनेकदा अडते. तार शाबूत असते, बिनतारी दुवा चालू असतो, दोन्ही संगणकांवर महाजालही दिसते; तरीही एकावरील फाइल दुसऱ्यास मिळत नाही. अशा बहुतेक प्रसंगी दोष तारेत नसून दोन प्रणालींमधील करारात असतो. हा करार एकाच वेळी लिहिला गेलेला नाही. त्याची कलमे १९८३ ते २०२४ ह्या कालखंडात वेगवेगळ्या संस्थांनी, वेगवेगळ्या गरजांपोटी घातली आहेत. त्यामुळे त्याचा इतिहास माहीत असणे हे दोष शोधण्याचेच एक साधन ठरते.

सातारा–सांगली भागातील वाचकास ह्या प्रश्नाचे स्वरूप मिरज जंक्शनच्या उदाहरणावरून चटकन ध्यानात येईल. पुणे–सातारा–मिरज हा मूळचा मीटरमापी लोहमार्ग १९७१ मध्ये रुंदमापी झाला. पुढे बराच काळ मिरजेस रुंदमापी, मीटरमापी व बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी असे तीन लोहमार्ग एकत्र येत होते. स्थानक एक असले, तरी एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नसे. प्रवासी व माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. पुढे लोहमार्गांचे माप एक करून हा प्रश्न सोडविण्यात आला. संगणकांच्या बाबतीत दोन्ही मापे कायम राहिली आणि उतार-चढावाची फलाटावरील व्यवस्थाच सुधारत गेली. एसएमबी व सांबा ह्यांचा इतिहास हा ह्या फलाटाचा इतिहास होय.

उगम : एसएमबी प्रोटोकॉलचा पहिला आराखडा १९८३ च्या सुमारास आयबीएम कंपनीतील बॅरी फाइगेनबाउम ह्यांनी तयार केला. दुसऱ्या यंत्राच्या चकतीवरील फाइल आपल्याच चकतीवर असल्यासारखी उघडता यावी, एवढाच त्याचा मर्यादित हेतू होता. त्या काळची जाले एका कचेरीपुरती असत. वापरणारे एकमेकांच्या ओळखीचे असत. त्यामुळे आरंभीच्या रचनेत सुरक्षिततेला फारसे स्थान नव्हते. जालावरील संगणकांना नावे देण्यासाठी नेटबायोस ही व्यवस्था वापरली जाई आणि नाव १५ अक्षरांपेक्षा मोठे असून चालत नसे. मायक्रोसॉफ्टने हा प्रोटोकॉल आपल्या लॅन मॅनेजर ह्या उत्पादनात घेतला व वाढविला. १९९२ मध्ये आलेल्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मुळे फाइलींचा सामाईक वापर सामान्य कचेऱ्यांपर्यंत पोहोचला.

ह्याच सुमारास युनिक्स परंपरेतील एक नवी प्रणाली आकार घेत होती. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबरा येथे संशोधक विद्यार्थी असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल ह्यांना आपला डॉस संगणक एका युनिक्स संगणकाशी जोडावयाचा होता. प्रोटोकॉलचे वर्णन त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी तारेवरून जाणारी संदेशांची पुडकी टिपून घेतली, कोणत्या प्रश्नास कोणते उत्तर जाते हे पाहिले आणि त्यावरून नियम जुळवून युनिक्सवर चालणारी आज्ञावली लिहिली. ती त्यांनी १९९२ च्या आरंभी प्रसिद्ध केली. आपण उकललेला प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांतही वापरला जातो, हे त्यांना नंतर कळले. आज्ञावलीचे आधीचे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारी नावाशी जुळत असल्याने ते बदलणे भाग पडले. एस, एम, बी ही अक्षरे ह्याच क्रमाने येणारा शब्द त्यांनी संगणकातील शब्दयादीत शोधला आणि ‘सांबा’ हे नाव निवडले.

ऐकून भाषा शिकणाऱ्यास तिचे अपवाद उशिरा कळतात. सांबाच्या बाबतीतही तसेच घडले. विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर संदेशांत बदल होत आणि सांबाचे कार्यकर्ते ते पुन्हा टिपून घेत. १९९७ मध्ये विंडोज एनटी ४ च्या तिसऱ्या सुधार-संचाने उघड्या स्वरूपातील पासवर्ड पाठविण्याचे थांबविले. सुरक्षेच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. परंतु आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चाललेली असंख्य लिनक्स यंत्रे त्यामुळे विंडोजला एकाएकी अनोळखी झाली. सुरक्षेसाठी एका बाजूने दार घट्ट करावे आणि दुसऱ्या बाजूचे जुने यंत्र बाहेर राहावे, असे पुढेही अनेकदा घडले.

कराराचा वाद : प्रोटोकॉलचे पूर्ण वर्णन स्पर्धकांस द्यावे की नाही, हा प्रश्न युरोपात न्यायालयापर्यंत गेला. सन मायक्रोसिस्टिम्सच्या १९९८ मधील तक्रारीवरून चौकशी होऊन युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला सु. ४९·७ कोटी यूरो दंड केला व ही माहिती उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. १७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने आयोगाचा निर्णय मुख्यत्वेकरून कायम ठेवला. त्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये सांबाच्या कार्यकर्त्यांना १०,००० यूरो एकरकमी भरून हे दस्तऐवज मिळण्याची व्यवस्था झाली. सोळा वर्षे टिपणांवरून चाललेल्या कामास अशा रीतीने लेखी आधार लाभला. २०११ मधील ३·६ ह्या आवृत्तीपासून सांबामध्ये एसएमबीच्या दुसऱ्या पिढीचा पूर्ण अंतर्भाव झाला. डिसेंबर २०१२ मधील ४·० ह्या आवृत्तीमुळे मोठ्या कचेरीतील सर्व वापरकर्त्यांची ओळख सांभाळण्याचे विंडोज सर्व्हरचे कामही सांबा करू लागला.

सातारा–सांगली परिसर : ह्या भागात दोन्ही प्रणाली एकाच घरात येण्यामागे शिक्षण व व्यवसाय ही दोन कारणे आहेत. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. त्याचे शिक्षण मुख्यत्वे विंडोजवर होत असल्याने घरातील पहिला संगणक बहुधा विंडोजचाच असे. हिशेबासाठी टॅली आणि मराठी मजकुराच्या जुळणीसाठी पेजमेकर व श्री-लिपी ही साधने विंडोजवर चालत असल्यामुळे दुकाने व छपाईची केंद्रे ह्यांतही तीच प्रणाली रुजली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) ह्यांसारख्या संस्थांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर लिनक्स घरात आले. वालचंद महाविद्यालयात लिनक्स वापरकर्त्या विद्यार्थ्यांचा गटही आहे. विंडोजच्या नव्या आवृत्तीस पुरा न पडणारा जुना संगणक लिनक्सवर चालवून घरातील छायाचित्रे व कागदपत्रे साठविण्यासाठी वापरण्याची पद्धतही ह्यातूनच आली.

सांगली जिल्ह्याचा जालांशी आलेला संबंध मात्र घरापासून सुरू झाला नाही. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वारणा नदीच्या खोऱ्यात १९९८ मध्ये ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात दोन्ही जिल्ह्यांतील ७० गावे वारणा सहकारी साखर कारखान्याच्या संगणक-व्यवस्थेशी जोडण्याची योजना होती. ऊसतोडीच्या पावत्या, उसाचे वजन, खतांचा पुरवठा ह्यांची माहिती गावातच मिळावी, हा हेतू होता. पुढे २००६–०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन संस्थेने सात गावांत गावच्या संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी हेच काम करून पाहिले व ते कमी खर्चात होऊ शकले. देवाणघेवाण थोड्या आकड्यांची असेल, तर संपूर्ण फाइल-व्यवस्था उभारण्याची गरज नसते, हे ह्या प्रयोगाने दाखविले. संपूर्ण दस्तऐवज, छायाचित्रे व ग्रंथ ह्यांच्या बाबतीत मात्र फाइलींच्या सामाईक वापरास पर्याय राहत नाही. सातारा जिल्ह्यातील वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम हस्तलिखित नोंदी व खिळ्यांची जुळणी ह्यांवर सुरू झाले आणि पुढे ते संगणकावर व महाजालावर आले. अशा कामात मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जसाच्या तसा जाणे, ही ज्ञान टिकण्याचीच अट बनते.

दोषांचा शोध : देवाणघेवाण अडल्यास कराराची कलमे खालून वर, एकेक करून तपासावी लागतात. एका वेळी अनेक बदल केल्यास कोणत्या बदलाने काम झाले हे कळत नाही आणि जाल अकारण असुरक्षित होते.

(१) पोहोच : दोन्ही संगणक एकाच स्थानिक जालात असावे लागतात. घरातील राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे बिनतारी जाल असल्यास त्यावरील यंत्रे सहसा घरातील अन्य यंत्रांपासून अलग ठेवलेली असतात. विंडोज चालू जालास ‘सार्वजनिक’ समजत असेल, तर आपल्या फाइली इतरांस दाखवीत नाही. घरच्या जालाची नोंद ‘खाजगी’ अशी करावी लागते. एसएमबीचा व्यवहार ४४५ ह्या क्रमांकाच्या दारातून चालतो. लिनक्सच्या संरक्षक भिंतीत हे दार स्थानिक जालापुरते उघडे असले पाहिजे.

(२) नाव व दर्शन : लिनक्स संगणक विंडोजच्या जाल-यादीत दिसत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार होय. जुन्या व्यवस्थेत जालावरील यंत्रांची आपसांत निवडणूक होऊन एक यंत्र यादी राखी. ते बंद झाल्यास यादी काही काळ चुकीची राही. ही व्यवस्था एसएमबीच्या पहिल्या पिढीशी बांधलेली होती व तिच्याबरोबरच मागे पडली. नव्या विंडोजची यादी ‘वेब सर्व्हिसेस डिस्कव्हरी’ ह्या वेगळ्या पद्धतीने बनते. सांबा ती स्वतः बोलत नसल्याने लिनक्सवर त्यासाठी छोटी पूरक आज्ञावली बसवावी लागते. यादीत न दिसणे आणि उपलब्ध नसणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. यंत्राचा अंकी पत्ता थेट दिल्यावर फाइली उघडल्या, तर दोष केवळ दर्शनाचा आहे, असे निश्चित समजावे.

(३) पिढी : एसएमबीची दुसरी पिढी विंडोज व्हिस्टाबरोबर व तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आली. दोन्ही यंत्रांना ठाऊक असलेली एक तरी पिढी समान असावी लागते. विंडोज १० च्या २०१७ मधील अखेरच्या आवृत्तीपासून पहिली पिढी मुळात बसविलीच जात नाही. २०१९ मधील सांबा ४·११ पासून तीही ती आपणहून बोलत नाही. म्हणून जुन्या यंत्राशी नव्याचे संधान तुटल्यास जुन्याची आज्ञावली अद्ययावत करणे हाच योग्य उपाय होय. त्याच्यासाठी नव्या यंत्रावर पहिली पिढी पुन्हा सुरू करणे धोक्याचे असते.

(४) ओळख : लिनक्स आपल्या पासवर्डाचा जो एकमार्गी ठसा जपून ठेवते, तो विंडोजच्या ओळख-पद्धतीत चालत नाही. त्यामुळे सांबाला पासवर्डांची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. लिनक्सचा वापरकर्ता निर्माण केला, परंतु सांबाच्या नोंदीत त्याचा पासवर्ड घातला नाही, तर प्रवेश नाकारला जातो. विंडोजच्या बाजूस रोज यंत्र उघडण्याचा पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. जालावरून तो पासवर्डाच्या जागी चालत नाही. तसेच विंडोज एकदा दिलेली चुकीची ओळख स्मरणात ठेवते व एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलते; जुनी नोंद पुसल्याशिवाय नवे नाव लागू होत नाही. नाव न विचारता ‘पाहुणा’ म्हणून प्रवेश देण्याची पद्धत आता मागे पडली आहे. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीने तिच्या प्रो प्रकारातही हा मार्ग बंद केला व संदेशांवर स्वाक्षरी असणे आवश्यक केले.

(५) अधिकार : ओळख पटल्यावरही फाइल उघडली नाही, तर दोन दारे तपासावी लागतात. सामाईक फोल्डरला सांबाने दिलेली परवानगी हे पहिले आणि त्या फोल्डरवरील लिनक्सची स्वतःची परवानगी हे दुसरे. दोन्ही उघडी असली तरच काम होते. लिनक्समध्ये मालक, गट व इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालविणे ही नऊ चिन्हे युनिक्सच्या परंपरेने आली आहेत; विंडोज एनटीने (१९९३) प्रत्येक फाइलीस अधिकारांची सविस्तर यादी जोडली. एकीचे दुसरीत भाषांतर करताना सूक्ष्म भेद गळतात. फेडोरासारख्या वितरणांत एसई-लिनक्स हे तिसरे दारही असते. सामाईक फोल्डरवर योग्य खूण नसल्यास ते प्रवेश नाकारते.

मराठी नावांचे प्रश्न : वरील दोष जगभर सारखेच आढळतात. मराठी वापरकर्त्यास त्यांखेरीज लिपीचे काही प्रश्न पडतात व ते सर्वसाधारण मार्गदर्शनात सहसा सापडत नाहीत. देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले व त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली. परंतु विंडोजमध्ये देवनागरीची खरी सोय २००० मधील आवृत्तीपासून झाली. सांबाच्या जुन्या आवृत्त्या डॉसकालीन संकेतसंचांवर चालत व त्यांत देवनागरी नव्हतीच. मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत. सप्टेंबर २००३ मधील सांबा ३·० ने युनिकोड स्वीकारले, तेव्हा हा अडथळा दूर झाला. त्याआधी विशिष्ट टंकांत लिहिलेला मजकूर मात्र आजही, फाइल सुखरूप पोहोचली तरी, तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक दिसतो. तेथे दोष जालाचा नसतो. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते.

पुढील तीन अडचणी आजही येतात. पहिली विसर्गाची. ‘दुःख’ किंवा ‘स्वतः’ लिहिताना अनेकजण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकित करतात. लिनक्सला ते चिन्ह नावात चालते. विंडोजने ते निषिद्ध मानले आहे. परिणामी लिनक्सवर ठेवलेली अशी फाइल विंडोजवर भलत्याच आखूड कृत्रिम नावाने दिसते. दुसरी अडचण ‘साताऱ्याचा’ ह्यासारख्या शब्दांतील ऱ्या ह्या जोडाक्षराची. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : खाली बिंदू असलेला ऱ व हलन्त चिन्ह, किंवा साधा र, हलन्त चिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकास ती दोन वेगळी नावे होत. म्हणून एका यंत्रावर जपून ठेवलेला ‘साताऱ्याचा नकाशा’ दुसऱ्यावरून शोधल्यास सापडत नाही, किंवा एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असल्याचा भास होतो. तिसरी अडचण लांबीची. विंडोज नावाची लांबी चिन्हांत मोजते व २५५ पर्यंत मुभा देते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत मर्यादा २५५ बाइटांची असते व प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी व हलन्त धरून ८५ चिन्हांतच नाव बसवावे लागते. कागदपत्रांस सविस्तर मराठी नावे देणाऱ्यांच्या फाइलींची नक्कल नेमक्या ह्या ठिकाणी अर्धवट थांबते. ह्याउलट, इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षरांच्या भेदाने होणारा घोटाळा देवनागरीत उद्भवत नाही. लिनक्स तो भेद पाळते व विंडोज पाळत नाही. देवनागरीत तो मुळातच नाही.

सुरक्षितता : ओळखीच्या लोकांच्या कचेरीसाठी आखलेला पहिल्या पिढीचा प्रोटोकॉल जगभरच्या जालात किती धोकादायक ठरतो, हे २०१७ मध्ये दिसून आले. त्यातील दोष मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्त केला होता. परंतु ती दुरुस्ती न बसविलेल्या यंत्रांवर १२ मेपासून वॉनाक्राय हा खंडणीखोर आज्ञासमूह पसरला. २७ जूनच्या दुसऱ्या हल्ल्यात तोच दोष वापरला गेला. त्याची झळ महाराष्ट्रातही लागली व न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम विस्कळित झाले. ह्यानंतरच पहिली पिढी झपाट्याने हद्दपार झाली. घरगुती वापरात ४४५ क्रमांकाचे दार महाजालाच्या बाजूस कधीही उघडू नये, प्रत्येकास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा आणि सामाईक फोल्डर हीच एकमेव प्रत समजू नये. एका यंत्रावर शिरलेला असा आज्ञासमूह दुसऱ्या यंत्रावरील सामाईक फोल्डरही निकामी करू शकतो. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत जालाबाहेर ठेवणे आवश्यक असते.

सांप्रत दोन्ही बाजूंना एसएमबीची तिसरी पिढी रूढ झाली आहे. सांबाखेरीज लिनक्सच्या गाभ्यातच असा सर्व्हर २०२१ पासून उपलब्ध आहे. पोहोच, ओळख व अधिकार ह्या कलमांची देखभाल प्रणालींचे निर्माते करीत असतात. मराठी नावांची शिस्त मात्र त्यांच्या हाती नाही. विसर्गाच्या जागी विसर्गच लिहावा, ऱ्या सर्व यंत्रांवर एकाच पद्धतीने टंकित करावा व नावे आटोपशीर ठेवावी, एवढी दक्षता वापरणाऱ्यांनी घेतल्यास साताऱ्याच्या घरातील दस्तऐवज कोणत्याही प्रणालीवर त्याच नावाने सापडतो.